व्ही अक्षराचं पान

१

वहीच्या शिवणीपाशी कागदाची अरुंद कड उरली होती. रविवानने मोजपट्टी लावली. वरच्या टोकाला चार मिलिमीटर, खालच्या टोकाला साडेचार. नखाने कड हलवून पाहिली तेव्हा ती दोन कागदांची निघाली, एकावर एक. काप सरळ नव्हता. दर दीड सेंटिमीटरवर त्यात बारीक पायरी होती, जणू कोणी अगदी लहान पात्याच्या कात्रीने जपून, तुकड्यातुकड्याने कापत खाली आलं होतं. शिवणीचा दोरा मात्र शाबूत होता.

आधीचं पान यू अक्षराचं होतं आणि पुढचं डब्ल्यूचं. मधलं व्हीचं पान गेलं होतं.

थायलंडमधल्या नाखोन सावनच्या या शाळेत रविवान तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होती. शाळेच्या क्रॉसवर्ड मंडळाची, म्हणजे सोंगट्यांवरची इंग्रजी अक्षरं पटावर जुळवून शब्द लावायच्या खेळाची, पंचही तीच. ज्या वहीवर ती वाकली होती ती मंडळाचे ख्रू, म्हणजे शिक्षक, प्रासोंग यांची होती. ए पासून झेडपर्यंत सव्वीस पानं, अक्षराला एक पान. डाव्या रकान्यात त्या अक्षराने सुरू होणारे दोन अक्षरी इंग्रजी शब्द, उजव्या रकान्यात तीन अक्षरी. दोन पिढ्यांनी ती वही पाठ केली होती. अर्थ विचारायचा नाही, हा ख्रूंचा नियम होता. "अर्थ कळला की माणूस शब्दापाशी रेंगाळतो," ते म्हणायचे. "आपल्याला रेंगाळायला वेळ नाही." बाजारात इंग्रजीत पाणी मागता न येणारी मुलं या वहीच्या जोरावर बँकॉकला जाऊन बक्षिसं घेऊन आली होती.

ख्रू प्रासोंग जाऊन वर्ष झालं होतं. उद्या, शनिवारी, त्यांच्या नावाची पहिली स्पर्धा होती, आणि त्यासाठीच वही सोमवारपासून सभागृहाच्या काचेच्या कपाटात ठेवली होती. कपाटाला कुलूप नव्हतं. शाळेत शब्दांची वही कोण चोरणार?

"पा लमाय, सकाळी इथे कोण आलं होतं?" रविवानने विचारलं.

सभागृहाची देखभाल करणारी लमाय, सगळ्यांची 'पा' म्हणजे मावशी, दाराशी केर भरत होती. पासष्टीची बाई, पाठीत किंचित वाकलेली; बाहेर पायरीवर तिच्या मोगऱ्याच्या हाराची टोपली होती. "मी दार उघडते तेव्हा कोणी नसतं, ख्रू," ती म्हणाली आणि केराची सुपली घेऊन बाहेर गेली.

रविवान वळली. खिडकीजवळच्या तीन नंबरच्या टेबलावर जुना लाकडी पट मांडलेला होता. सोंगट्यांची थैली बंद होती. पण पटाच्या कडेला, खिडकीकडच्या खुर्चीसमोर, एक सोंगटी उताणी पडली होती.

तिच्यावर अक्षर नव्हतं. ती कोरी सोंगटी होती, कुठल्याही अक्षराच्या जागी चालणारी.

गेले चार दिवस मुलं हेच सांगत होती. रोज सकाळी एक कोरी सोंगटी, त्याच खुर्चीसमोर. नोक येते, असं ती म्हणत. स्वतःच्या जन्माआधीच मेलेल्या त्या मुलीचं नाव या मुलांना कोणी सांगितलं, कोण जाणे. रविवानने त्यांना गप्प केलं होतं. आता तिने सोंगटी उचलून उजेडात धरली. लाकडाच्या रेषांत करडा डाग होता, अंगठ्याने पुसल्यासारखा.

तो डाग तिने पूर्वी पाहिला होता. बावीस वर्षांपूर्वी, याच टेबलापाशी.

२

ख्रू प्रासोंग यांचा मुलगा थनाकोन अकरा वाजता बँकॉकहून पोहोचला. तिथल्या विद्यापीठात तो संख्याशास्त्र शिकवायचा. चाळीशी आली होती, केस विरळ झाले होते. उद्याचा चषक त्यानेच आणला होता. रविवानला पाहताच त्याने हात जोडले.

"वहीतलं एक पान गेलंय, थन."

"कुठलं?"

"व्हीचं."

तो हसला. "ख्रू, चोर आपल्या मंडळातला नाही हे नक्की. व्हीने सुरू होणारा दोन अक्षरी शब्दच नाही. डावा रकाना रिकामा. आपल्यातला कोणी असता तर क्यू नेला असता, गेला बाजार झेड."

"मलाही तेच वाटलं."

"आणि तसंही काही बिघडत नाही. सव्वीसच्या सव्वीस पानांचे फोटो आहेत माझ्याकडे. वही चार दिवस माझ्याच घरी होती. व्हीचं पान छापून देतो, चिकटवून टाका."

"चार दिवस काय करत होतास?"

"फोटो काढत होतो, आणि काय. वासाने डोकं उठलं, इतकी दमट झाली होती. सोमवारी इथे आणली तेव्हा पा लमायला सांगितलं, पानं उलगडून वही दोन तास उन्हात उभी कर. मग कपाटात ठेवली." त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "एका पानासाठी तुम्ही एवढ्या का अस्वस्थ आहात?"

"पान दुहेरी होतं," ती म्हणाली. "आत काही असेल."

"आत काय असणार? बाबा कागद वाया घालवत नसत, एवढंच." तो सहज बोलला. त्याच्या चेहऱ्यावर कुतूहलही नव्हतं. मग त्याची नजर तीन नंबरच्या टेबलाकडे गेली आणि तिथल्या कोऱ्या सोंगटीवर थांबली.

"ही कोणी ठेवली?"

"मुलं म्हणतात, नोकने."

थनाकोनने मान वळवली. "पाणी आहे का कुठे?" त्याने विचारलं. पाण्याचं पिंप त्याच्या पाठीशीच होतं.

३

प्रासोंगांची बायको बुसबा नदीकाठच्या घरात कमळाच्या देठांच्या साली काढत बसली होती. रविवानपेक्षा दहा वर्षांनी मोठी, म्हणून रविवान तिला पी बुसबा, म्हणजे बुसबाताई, म्हणायची.

"ये गं. जेवली नसशील. मासा आहे, भात आहे."

"नंतर जेवते, पी. वही ख्रूंनी कशी बांधली होती, आठवतं का?"

"न आठवायला काय झालं? याच ओट्यावर बसून बांधली. खेळात ते मोजणीचे कागद असतात ना, खेळलेलं एकेक अक्षर खोडत जायचे? तेच जुने. एक बाजू कोरी असायची. लिहिलेली बाजू आत घालून दुमडायचे, घडी बाहेरच्या कडेला, आणि दोन्ही मोकळ्या कडा शिवायच्या. मी म्हटलं, नवी वही घ्या की. म्हणाले, झाड तुझ्या वडिलांनी लावलंय का?"

"आत काय लिहिलंय, कधी पाहिलंत?"

"काय पाहायचं? इंग्रजी अक्षरं आणि फुल्या. शब्दांनी माझा नवरा नेला, मी कशाला त्यांच्या वाटेला जाऊ?" तिने देठ मोडला. "एक मात्र विचित्र केलं त्यांनी. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, वही आणायला लावली. मला वाटलं, हातात धरायची असेल. तर म्हणाले, यू काढ, पुढे व्ही आहे ना बघ. मला कुठे येतं? बोटाने दाखवलं तेव्हा कळलं. आहे म्हटल्यावर झोपले."

रविवान तिच्याशेजारी ओट्यावर टेकली.

"आणि सांगितलं, ही वही रविवानच्या हातात दे." बुसबाने नजर वर केली. "हातात, असं म्हणाले. मी थनला निरोप दिला होता. पण तो म्हणाला, कपाटात शोभेल. दिली नाही का त्याने तुला?"

४

दुपारी सभागृहात कोणी नव्हतं. घडी बाहेर आणि शिवण आत असल्यामुळे वहीचं प्रत्येक पान वरून उघड्या पाकिटासारखं होतं. रविवानने बारीक विजेरी घेतली आणि एकेका पाकिटात वाकून पाहिलं. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर थाई लिपीत दोन नावं होती आणि डावाचा क्रमांक. साल एकच, थाई बौद्ध सनाचं २५४५, म्हणजे बावीस वर्षांपूर्वीचं. त्या वर्षी बँकॉकला पाठवायचा खेळाडू निवडायला सव्वीस डाव झाले होते. पंचवीस पानांत तिला पंचवीस डाव सापडले.

नव्हता तो सव्विसावा. शेवटचा. थनाकोन विरुद्ध रुजिरा.

रुजिरा म्हणजे नोक. घरचं नाव पक्ष्याचं, आणि मान तशीच, जरा तिरकी. लमायची मुलगी. सतरा वर्षांची. ती मोजणीचा कागद वापरतच नसे. शंभरच्या शंभर सोंगट्या डोक्यात ठेवायची. त्या दिवशी ती नऊ गुणांनी जिंकली. मंडळाचा रिवाज असा की हरणाऱ्याने सोंगट्या गोळा करायच्या, कोऱ्या सोंगटीवर पेन्सिलीने लिहिलेलं अक्षर अंगठ्याने पुसायचं आणि दहा-दहाच्या ओळी लावून मोजायचं. थनाकोनने मोजलं. नव्याण्णव. एक कोरी सोंगटी कमी होती. पंच म्हणून रविवानला बोलावलं. मुलाचा डाव म्हणून प्रासोंग पंच नव्हते, मागे बसून पाहत होते. सोंगटी नोकच्या कापडी पिशवीत मिळाली, चष्म्याच्या फडक्याखाली.

"दोन्ही कोऱ्या पटावर होत्या," नोक पुन्हा पुन्हा म्हणत होती. "एक मी लावली, एक याने."

"एकच होती," थनाकोन म्हणाला. त्याच्या कागदावर एकच खोडलेली होती.

रविवानने प्रासोंगांना विचारलं होतं. ते म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं."

मग तिने निर्णय दिला, चाळीस मुलांसमोर. हातातल्या सोंगटीवर करडा डाग होता. लपवून ठेवलेली, न खेळलेली सोंगटी स्वच्छ असायला हवी. पण डाग आधीच्या एखाद्या डावाचाही असू शकतो; एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असं तिने स्वतःला बजावलं. आणि एकाच निरीक्षणावरून, पिशवीत सोंगटी मिळाली एवढ्यावरून, एका मुलीला चोर ठरवलं. बँकॉकची जागा गेली, त्या जागेमागून मिळणारा विद्यापीठातला प्रवेश गेला. नोक रायोंगच्या कारखान्यात कामाला लागली आणि दोन वर्षांनी कारखान्याच्या बसला झालेल्या अपघातात गेली. तेव्हापासून वर्गात पेन्सिलीचा डाग दिसला की रविवानचं शिकवणं क्षणभर अडखळायचं. मुलांना वाटे, ख्रूंना पुढचं सूत्र आठवत नाही.

प्रासोंगांना हातात पेन्सिल नसताना डाव पाहता येत नसे. हे सगळ्या मंडळाला माहीत होतं. तिलाही.

तिने खुर्ची ओढली आणि प्रयोगवहीत मांडावं तसं मांडायला सुरुवात केली. शब्दांसाठी पान गेलेलं नाही. ते शब्द सगळ्यांना पाठ आहेत. गेलं ते आतल्या बाजूसाठी. बुसबाकडे वही वर्षभर होती, थनाकोनकडे चार दिवस, दार लावून. पान हवं असतं तर दोघांनाही ते घरीच काढता आलं असतं. भरल्या शाळेतल्या कपाटापर्यंत थांबायची गरज नव्हती. म्हणजे आत काय आहे ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. ज्याला कळलं, त्याला ते सोमवारनंतर, इथेच कळलं.

सोमवारी वही उन्हात होती. पानं उलगडलेली, उभी. त्या पातळ कागदातून ऊन आरपार जातं. आत थाईत लिहिलेलं नाव बाहेरून दिसतं.

आणि दीड सेंटिमीटरचे ते काप. सभागृहाच्या पायरीवर बसून रोज पहाटे आवारातल्या देवतेच्या लहानशा देवळीसाठी मोगऱ्याचा हार ओवणारे हात तिच्या डोळ्यांसमोर आले. दोरा तोडायची ती चिमुकली कात्री. शिवण उसवू नये याची काळजी त्याच हातांनी घेतली असती.

रविवान उठली. दाराशी जाईपर्यंत तिला वाटत होतं, आपण चोर शोधला. पायरीवर आल्यावर कळलं, आपण साक्षीदार शोधला आहे. आणि साक्ष आपल्याच निर्णयाविरुद्ध होती.

५

लमायचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत, एका खोलीचं. दारात चपला काढताना रविवानला फळीवरचा फोटो दिसला. शाळेच्या गणवेशातली नोक, मान तिरकी. फोटोपुढे ताजा हार होता, लाल सरबताचा पेला होता आणि काचेखाली सपाट केलेला एक कागद होता. त्याची घडी अजून गेली नव्हती.

लमाय गुडघ्यांवर बसली. नाकारायचा प्रयत्नही तिने केला नाही.

"मी परत ठेवणार होते, ख्रू. स्पर्धा झाली की."

"रागावायला नाही आले, पा."

"त्यावर तिचं नाव आहे. उन्हात ठेवलं तर नाव वर आलं, पाण्यातून मासा वर यावा तसं." ती हळू बोलत होती. "शाळेने तिचं नाव सगळीकडून पुसलं. फलकावरून, फोटोखालून. मला वाटलं, एवढं एकच उरलंय. त्या वहीत कोणाला लागणार होतं?"

"आणि कोरी सोंगटी? तीही तूच ठेवतेस?"

"वही आली त्या दिवसापासून. बाकीच्यांवर काही ना काही लिहिलेलं असतं. मला तेवढी एकच वाचता येते." तिने सदऱ्याच्या टोकाशी चाळा केला. "तिच्यावरून माझ्या पोरीला बोल लागला. म्हटलं, बसू दे तिला पोरीच्या खुर्चीसमोर. बघू दे तिच्याकडे."

रविवानने काच उचलली. कागदावर प्रासोंगांचं बारीक अक्षर होतं. शंभर चौकटी, प्रत्येक खोडलेली, शेजारी कितव्या खेळीला आणि कोणी. सर्वांत खाली दोन बिनअक्षरी चौकटी, कोऱ्या सोंगट्यांच्या. पहिली सातव्या खेळीला खोडलेली: रुजिरा. दुसरी अकराव्या खेळीला: थनाकोन. कुठेही पुसून पुन्हा लिहिलेलं नव्हतं. पेन्सिल कागदात रुतावी इतकी ठाम होती.

दोन्ही पटावर होत्या. पिशवीत मिळालेली त्यातलीच एक होती, डाव संपल्यावर गेलेली. आणि डाव संपल्यावर सोंगट्यांना हात लावला होता फक्त हरणाऱ्याने.

वडिलांनी हे पाहिलं, लिहिलं, दुमडलं, आणि ज्या पानावर मुलं कधी रेंगाळत नाहीत त्या पानाच्या पोटात शिवून टाकलं. जाळलं मात्र नाही.

"काय लिहिलंय, ख्रू?" लमायने विचारलं. "नाव तेवढं वाचलं मी. बाकी त्या फुल्या. वाईट नाही ना काही?"

"नाही, पा. वाईट नाही."

"मग असू दे."

रविवानला तिथेच सांगता आलं असतं. ओठांपर्यंत आलंही. पण एका खोलीत, एका आईच्या कानात सांगून संपणारं ते नव्हतं. "हा कागद उद्यापुरता देशील? आणि उद्या सभागृहात ये. झाडायला नाही. तीन नंबरच्या टेबलाशी बसायला."

"मी? तिथे?"

"खिडकीकडच्या खुर्चीत."

लमायने फोटोकडे पाहिलं, जणू परवानगी विचारत होती, आणि मान हलवली.

६

शनिवारी नऊला सभागृह भरलं. चाळीस टेबलं, अठ्ठ्याहत्तर मुलं, थैल्यांत खुळखुळणाऱ्या सोंगट्या. पहिल्या रांगेत बुसबा बसली होती, मांडीवर नवऱ्याचा फोटो घेऊन. तीन नंबरच्या टेबलाशी, खिडकीकडच्या खुर्चीत, लमाय धुतलेल्या कपड्यांत ताठ बसली होती. समोर कोरी सोंगटी होती. मुलं तिच्याकडे चोरून पाहत होती.

व्यासपीठाच्या मागे रविवानने कागद थनाकोनच्या हातात दिला. त्याने तो वरून खाली वाचला. दोन चौकटींपाशी त्याचा अंगठा थांबला.

"बाबांना माहीत होतं," तो म्हणाला. आवाज एकदम पोरवयाचा झाला होता. "मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत."

"तूही नाहीस. मीही नाही."

"मी सतरा वर्षांचा होतो, ख्रू."

"ती पण."

तो भिंतीला टेकला. "मला वाटलं होतं, डाव पुन्हा खेळवतील. बस एवढंच वाटलं होतं. तुम्ही तिला काढूनच टाकलंत, मग... मग मागे कसं फिरायचं ते कळेना." त्याने डोळे पुसले. "आज नको. आई समोर आहे. एवढी मुलं समोर आहेत. स्पर्धा होऊ दे, नंतर मी स्वतः लमायच्या घरी जातो, पाया पडतो."

"घरी जा, जरूर जा. पण तो निर्णय मी मुलांसमोर दिला होता, थन."

"तुमचंही नाव जाईल."

"मला ठाऊक आहे."

त्याने कागद परत केला. अडवलं नाही. आईशेजारची आपली खुर्ची ओलांडून तो मागे, दारापाशी, भिंतीला लागून उभा राहिला.

रविवान व्यासपीठावर गेली नाही. ती टेबलांमधून चालत तीन नंबरच्या टेबलाशी आली, पंच बोलावल्यावर येतो तशी. लमायसमोरची कोरी सोंगटी उचलून तिने तळहातावर घेतली. दुसऱ्या हातात कागद होता. तिने पंचाची घंटा वाजवली. थैल्यांचा खुळखुळाट थांबला. लमायने मान वर केली, जरा तिरकी.

"टेबल क्रमांक तीन," रविवान म्हणाली. "साल २५४५, डाव सव्विसावा. पंचाचा निर्णय चुकला होता. दोन्ही कोऱ्या सोंगट्या पटावर खेळल्या गेल्या होत्या. रुजिराने काहीही लपवलं नव्हतं. डाव तिने जिंकला आहे."